कर्नलची वंशावळ

आमच्या वावरात जायला तीन वर्षं रस्ता नव्हता आणि त्याला आमचा कुत्रा जबाबदार होता, असं मी सगळ्यांना सांगतो. कुत्र्याला बोलता येत नाही, एवढाच त्यात माझा फायदा.

वावर आठ एकरांचं, घाटंजीच्या अलीकडे. डांबरी सडक आणि आमचं वावर यांच्या मधात देवरावदादाचं वावर. देवरावदादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि हट्टाने शंभर वर्षांनी. पूर्वी त्याच्या धुऱ्यावरून आमची बैलबंडी जायची. (धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो मातीचा असतो असं कागदोपत्री म्हणतात. आमच्याकडे तो निव्वळ भांडणाचा असतो.) पुढे बंडी गेली, ट्रॅक्टर आला, आणि ट्रॅक्टरला धुरा पुरेना. मी दादाला दोन हात जागा जास्त मागितली. दादाने होता तो धुराही नांगरून टाकला.

तेव्हापासून आमच्या वावरातला कापूस वेचणाऱ्या बाया गाठोडी डोक्यावर घेऊन दादाच्या तुरीच्या काठाकाठाने सडकेपर्यंत आणायच्या. दरवर्षी कुरकुरायच्या. यंदा त्यांची पुढारीण शांताबाई कपाशीला पहिलं बोंड फुटायच्या आतच घरी येऊन सांगून गेली, की रस्ता झाला तर येऊ, नाही तर दुसऱ्यांची वावरं पडली आहेत. आठ एकर पांढराशुभ्र कापूस झाडावरच लोंबतो आहे आणि मी एकटा ओटी बांधून वेचतो आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. चित्रात मी संक्रांतीलाही पहिल्याच ओळीत होतो.

भांडण आमच्या घराण्याला नवं नाही. दादाचे आणि माझे आजोबा एकच, आबाजी. त्यांनी जमीन मोजायला आलेल्या सर्वेअरच्या मनगटाला चावा घेतला होता. अलंकारिक नव्हे, दातांनी. सर्वेअर मोजणीची साखळी टाकून बाभळीवर चढला, तो पोळ्यापर्यंत खाली उतरला नाही. त्याचं जेवण त्याची बायको काठीला बांधून वर द्यायची. (मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण मला हे सगळं स्पष्ट आठवतं.)

कुत्रा मात्र आम्ही दादासाठी आणला नव्हता. रानडुकरांसाठी आणला होता. माझा साळा विलास यवतमाळला राहतो आणि त्यामुळे त्याला जगातलं सगळं कळतं. त्याने एका खोक्यातून पिल्लू आणलं, आणि पिल्लापेक्षा मोठा एक कागद. कागदावर पिल्लाच्या बापाचं नाव, आजाचं नाव, पणज्याचं नाव. आजाला दोन पदकं मिळालेली. मी कागद तीनदा वाचला. मला माझ्या पणजोबाचं नाव सांगता येत नाही, आणि हे पिल्लू खोक्यात मुतत असताना त्याची चार पिढ्यांची नोंद माझ्या हातात होती! मी तो कागद फ्रेम करून समोरच्या खोलीत लावला.

"भाऊजी, हे जर्मन हाय," विलास म्हणाला. "याले शिकवा नाही लागत. रक्तातच असते."

माझी बायको सुनंदा आतून म्हणाली, "कुत्रं मालकावर जाते. आपला मोती नव्हता का, बाबासारखा? जेवला का झोपला."

विलास वाकून खोकं पुसू लागला. बाबा त्याचेही होते.

त्या दिवशी आमच्या घरात दोन पक्ष पडले. मी आणि विलास रक्ताचे, सुनंदा वळणाची. आम्ही पिल्लाचं नाव कर्नल ठेवलं, म्हणजे त्याला सुरुवातीपासूनच आपल्या खानदानाची जाण राहावी.

कर्नल वर्षभरात वासराएवढा झाला. भाकरी वासराच्या दुप्पट खाऊ लागला. मी त्याला वावरात नेऊन बांधला आणि डुकरांची वाट पाहू लागलो. डुकरं आली. सकाळी जाऊन पाहतो, तर सोयाबीनच्या चार ओळी साफ आणि मातीत पायांचे ठसे: पुढे डुकराचे, मागे डुकराचे, आणि मधात कर्नलचे. साखळी तोडून तो त्यांच्यासोबत फिरायला गेला होता. पुढे विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली. तो चोर दुसऱ्या गावात, दुसऱ्याच केबलसाठी सापडला, तेव्हा आमचं नाव ऐकून त्याने जमादाराला विचारलं म्हणे, की तो मोठा कुत्रा बरा आहे ना, त्याच्या उजव्या कानात गोचीड होती.

माझ्या पक्षाची अब्रू जाऊ लागली. फ्रेममधला आजा दोन पदकं घेऊन माझ्याकडे पाहायचा आणि मी नजर चुकवायचो.

आणि मग एके दिवशी कर्नलने आजाचं नाव काढलं.

आम्ही धुऱ्याच्या जागेवर उभे होतो (धुरा नव्हता, पण जागा मला पाठ होती). सडकेवरून देवरावदादाची फटफटी आली. तिचा आवाज पोत्यात पितळी भांडी घालून पायऱ्यांवरून सोडल्यासारखा येतो; तालुक्यात दुसरी तशी नाही. तो आवाज ऐकताच कर्नलच्या मानेवरचे केस उभे राहिले. शेपूट काठीसारखी झाली. आणि ज्या कुत्र्याने उभ्या जन्मात कोंबडीची वाट अडवली नव्हती, त्याने माझ्या हातातली साखळी हिसकून दादाच्या धोतराचा सोगा पकडला. दादा फटफटीवर बसून घरी गेला. धोतर निम्मंच गेलं.

दादाने गावभर सांगितलं, की सुध्याने अंगावर कुत्रा सोडला. (सुधाकर हे माझं नाव, दादाने ते पूर्ण असं कधीच उच्चारलेलं नाही.) मी निदान तेव्हा तरी गप्प बसायचं. पण मी चावडीवर चार माणसांत म्हणालो, "पदकवाल्याचं रक्त हाय. त्याले दुश्मन बरोबर समजते." हे वाक्य दादापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात मला चहासुद्धा संपवता आला नाही.

रस्त्याचं नाव त्यानंतर काढायचीच सोय उरली नाही. पुढची दोन वर्षं हाच प्रकार. बाकी सगळ्या जगाला कर्नल शेपूट हलवायचा, पोस्टमनचा हात चाटायचा, मांजरीला आपल्या भाकरीतली अर्धी ठेवायचा. फक्त दादा दिसला की पदकं! मी विलासला फोन करून करून सांगायचो. सुनंदा काहीच बोलायची नाही. तिच्या गप्प बसण्याला मी माझा विजय समजलो. सव्वीस वर्षांच्या संसारात ही चूक मी साधारण महिन्याला एकदा करतो.

शांताबाई येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी कळलं, की सुनंदा गप्प नव्हती, कामाला लागली होती. आबाजींचा देव्हारा आमच्याकडे आहे. दसऱ्याला दादा सहकुटुंब देवाला यायचा आणि जेवून जायचा. धोतर फाटल्यापासून ते बंद होतं. सुनंदाने वयनीला, म्हणजे दादाच्या बायकोला, गाठलं. दोघींनी मिळून यंदा दादाने यायचं ठरवलं, आणि ठरल्यावर दादाला कळवलं. दसऱ्याला लहान्याने हातावर सोनं ठेवलं की मोठ्याने मागचा राग धरायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आपट्याचं पान हातात आलं की रस्ता मागायचा. एवढा साधा बेत.

"अन् कर्नल?" मी विचारलं.

"म्हनून त चला," सुनंदा म्हणाली, आणि तिने आम्हा दोघांना रशीदभाईच्या गॅरेजवर नेलं.

रशीदभाई घाटंजीच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्त करतो आणि सहा गावठी कुत्री पाळतो. किंवा कुत्री त्याला पाळतात. दादाची फटफटी तेव्हा त्याच्याकडेच होती, वर्षाची दुरुस्ती करायला. (हेही सुनंदाला माहीत होतं. तिला काय माहीत नसतं याची मी यादी करणार आहे.) रशीदभाईने सगळं ऐकून घेतलं आणि मला समोरच्या टपरीवर चहा प्यायला पाठवलं. साखळी सुनंदाच्या हातात राहिली.

मी टपरीवरून पाहत होतो. रशीदभाईने किक मारली. पोत्यातली भांडी पायऱ्यांवरून निघाली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कर्नल सायलेन्सरचा वास घेऊन शिंकत होता, आणि रशीदभाईच्या गावठी कुत्र्यांपैकी एकाला स्वतःची ओळख करून देत होता.

मग मला बोलावलं. साखळी माझ्या हातात दिली. पुन्हा किक. कर्नल असा उसळला, की रशीदभाई पाना हातात घेऊन टूलबॉक्सवर चढला.

"पाह्यलं?" मी म्हणालो. "रक्त!"

रशीदभाई टूलबॉक्सवरूनच म्हणाला, "बुरा मत मानो सुधाभाऊ. पण गाडी सुरू झाली तेव्हा तुमी काय केलं?"

"मी? मी काही नाही केलं. उभा होतो."

"गला खाकरला. प्यांट वर ओढली. साखळी आखडली. फिर कुछ बोला धीरे से."

"काय बोललो?"

"'आला लेकाचा,'" सुनंदा म्हणाली. "तीन वर्सापासून रोज धुऱ्यावर हेच करून राह्यले तुमी. फटफटी वाजली का खाकरनं, प्यांट, साखळी, आला लेकाचा. त्याले वाटते मालक शिकवून राह्यला. चांगलं कुत्रं हाय, शिकलं."

मी फ्रेमचा, पदकांचा, पणज्याचा उल्लेख केला. रशीदभाई खाली उतरून हात पुसत म्हणाला, "माह्याकडे सहा हायेत. एकाचा बी बाप कोन ते त्याच्या माईलेच मालूम. एक बी काटता नहीं. कारन मी कोनाच्या नावानं खाकरत नाही."

दसऱ्याला आठ दिवस होते. कुत्र्याला पुन्हा शिकवायचं ठरलं. निदान मला तसं सांगण्यात आलं. रशीदभाईने फटफटीचा आवाज सुनंदाच्या मोबाईलमध्ये भरून दिला. रोज दुपारी सुनंदा आबाजींची टोपी घालून दारात उभी राहायची आणि आवाज लावायची. मी साखळी ढिली सोडायची, हसायचं आणि म्हणायचं, "या दादा, बसा." बस. खाकरायचं नाही, प्यांटला हात लावायचा नाही. जमलं, की कर्नलला एक बिस्कीट. नाही जमलं, की बिस्कीट परत डब्यात.

पहिल्या दिवशी कर्नलला एकही बिस्कीट मिळालं नाही. मला माहीत नव्हतं, की घसा ही चीज माणसाच्या ताब्यात नसते. दुसऱ्या दिवशी मी शब्द बरोबर म्हणालो, पण सुनंदाच्या मते ते मयताच्या घरी म्हणतात तसे म्हणालो. तिसऱ्या दिवशी हात आपोआप प्यांटकडे गेला. चौथ्या दिवशी एक नवी गोष्ट झाली. माझ्या घशात खाकरण्याची नुसती तयारी सुरू झाली, आणि कर्नल माझ्याकडे पाहून गुरगुरला. बिस्कीट कोणामुळे जातं आहे, हे त्याला कळलं होतं.

"पाहा, त्याले समजलं," सुनंदा म्हणाली. "आता तुमचंच राह्यलं."

सातव्या दिवशी मला लागोपाठ पाच वेळा जमलं. कर्नलने पाच बिस्किटं खाल्ली आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशा नजरेने मास्तर ढ पोराकडे पाहतो, तो एकदाचा पास झाल्यावर.

दसऱ्याला बारा वाजता फटफटी दारात थांबली. वयनी आधी उतरली. दादा उतरला तो धोतराचा सोगा दोन्ही हातांत गच्च धरूनच. मी साखळी सोडली, हसलो आणि म्हणालो, "या दादा, बसा."

कर्नल उठला, शांतपणे दादापर्यंत गेला, आणि त्याच्या पायावर डोकं ठेवून बिस्किटाची वाट पाहत बसला. दादा पाच मिनिटं हलला नाही. मग त्याने सोग्यावरचा एक हात काढला. मग त्या हाताने कर्नलचा कान खाजवला. जेवताना तर दादाने अर्धी पुरणपोळी सगळ्यांदेखत त्याला चारली. आमच्या घराण्यात माणसाने माणसाला एवढं प्रेमाने खाऊ घातल्याची नोंद नाही.

जेवण झालं. देवाला नमस्कार झाला, आबाजींच्या फोटोला झाला. मी दादाच्या पाया पडलो आणि हातावर आपट्याचं पान ठेवलं.

"सोनं घेतलं," दादा म्हणाला. "आता बोल. कायले बलावलं?"

मी सांगितलं. शांताबाईचं सांगितलं, आठ एकर कापसाचं सांगितलं. दादा बराच वेळ कर्नलची मान खाजवत राहिला. मग म्हणाला, "देतो. ट्रॅक्टर निघन एवढा देतो."

सुनंदाने वयनीकडे पाहिलं. वयनीने छताकडे पाहिलं. मी सुपारीचं ताट दादापुढे धरलं. दादाने इथे सुपारी तोंडात टाकून गप्प बसायला हवं होतं. पण तोही आबाजींचाच नातू.

"पन एक सांगतो सुध्या," तो म्हणाला. "मुळात त्या धुऱ्यावर दोन तास तुह्या बापानंच सरकवले होते." (तास म्हणजे नांगराची एक ओळ. आमच्याकडे तासभर गेला तर कोणी विचारत नाही. एक तास सरकला तर तीन पिढ्या विचारतात.)

मी काही बोललो नाही. हे मी देव्हाऱ्यावर हात ठेवून सांगतो. मी ताट खाली ठेवलं, राग गिळावा म्हणून दादाकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड केलं. आणि बहुतेक माझा हात प्यांटकडे गेला असावा. आणि घशातून अगदी बारीक आवाज आला, कुकर शिट्टीच्या आधी करतो तेवढाच.

कर्नल उठला आणि मला चावला.

कुठे चावला, तर भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं जे कुत्र्याच्या तोंडासमोर येतं, तिथे. चावला, सोडलं, आणि परत दादाच्या पायावर डोकं ठेवून बिस्किटाची वाट पाहू लागला. सवयीने सुनंदाचा हात डब्याकडे गेला होता. मी स्वतः पाहिलं.

दवाखान्यात मला दादाच घेऊन गेला, त्याच फटफटीवर. मी पूर्ण रस्ता मागच्या पायदानांवर उभा राहून, दादाचे दोन्ही खांदे धरून गेलो. सीमोल्लंघनाला निघालेल्या माणसांनी मला पाहून सोनं दिलं. मी वरूनच घेत गेलो. दादा इतका हसत होता, की फटफटी वाजते आहे की दादा, ते कळत नव्हतं.

इंजेक्शनवाल्या सिस्टरने वही उघडली. कुत्रा पाळीव की मोकाट? पाळीव. कोणाचा? माझाच. जात कोणती? जर्मन, मी म्हणालो, आणि आवाजात थोडा अभिमान आलाच. मग तिने विचारलं, "विनाकारण चावला का?"

"कारन हाय," दादा म्हणाला. "पन ते कुत्र्याचं नाही. याच्या आजानं सर्वेअरले चावलं होतं. माहाही आजाच तो. ल्ह्या तुमी."

सिस्टरने लिहिलं नाही. इंजेक्शन दिलं.

बाहेर आल्यावर दादाने फटफटी सुरू केली नाही. तिच्या टाकीवर हात ठेवला. "सुध्या," तो म्हणाला, "दोन वर्स मले वाटे का तू कुत्र्याले शिकवून माह्या अंगावर सोडतं. आज पाह्यलं, तुह्याच कुत्र्याले तू पटत नाही. मंग मले नाही पटला त त्यात माहं काय चुकलं?"

खाकरायची आता माझी हिंमत नव्हती.

"रस्ता देल्ला म्हनलं त देल्ला," दादा म्हणाला. "पन माह्या वावरातून जातानी पुढं कुत्रा राहीन, मांगून तू. तुले एकट्याले मी सोडनार नाही."

दिवाळीच्या आत रस्ता झाला. शांताबाई आपल्या बायांना घेऊन आली, कापूस ट्रॅक्टरने सडकेला लागला. रोज सकाळी कर्नल पुढे आणि मी मागे असे आम्ही दादाच्या वावरातून जातो. दादा भेटला, तर कर्नल थांबतो, कान खाजवून घेतो, आणि मी "या दादा, बसा" म्हणतो. भर वावरात, जिथे बसायला काही नसतं. दुसरं वाक्य मला अजून शिकवलेलं नाही.

विलासचा परवा फोन आला होता. त्याला अजून वाटतं, सगळं रक्तातच असतं. मी त्याला म्हणालो, तुझं बरोबर आहे. सुनंदाचंही बरोबर आहे. तिने याबाबत काही वाद घातला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याजवळचा आबाजींचा फोटो काढून समोरच्या खोलीत आणला आणि कर्नलच्या कागदाशेजारी, पदकवाल्या आजाच्या बरोबरीने लावला. त्याच्या खाली तिने आणखी एक खिळा ठोकला आहे.

खिळा रिकामा आहे. तो कोणासाठी, ते मी विचारलं नाही. विचारायच्या आधी मला घसा साफ करायची सवय आहे, आणि कर्नल तिथेच बसलेला असतो.